प्रेसला द्यायची पीडीएफ: एक्स्पोर्टचं बटण दाबण्याआधी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय. आकडे ऐकताना हमखास निसटतात, ते इथे नीट लिहिलेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा, कामाला येतील.

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, मला मान्य आहे. पण लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल, कॉलेजचं भित्तिपत्रक, कुणाच्या तरी कवितांची पुस्तिका, यातलं काही ना काही घरातल्या 'कॉम्प्युटर येणाऱ्या' पोरावर किंवा पोरीवर एकदा तरी येतंच. माझ्यावर आलं गेल्या वर्षी. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. म्हणजे आयुष्यात हजार पौर्णिमा बघून झाल्या, माणूस एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर आला, की करतात तो सोहळा. घरच्यांनी ठरवलं की आजोबांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यायची. ए-फाइव्ह आकार, ३२ पानं, २०० प्रती. आजोबांनी मजकूर वहीत लिहून दिला, मी तो टाइप केला. आतली पानं वर्डमध्ये केली, कव्हर मोबाईलवरच्या एका डिझाइन ॲपमध्ये.

फाईल मोठी झाली होती, व्हॉट्सॲपवर जाताना वेळ घेत होती. मग मी काय केलं? सेव्ह करताना 'मिनिमम साइज' निवडलं. फाईल एकदम हलकी, पटकन गेली. प्रेसवाल्या काकांनी दोन दिवसांनी प्रूफ म्हणून फोटो पाठवला. मी बसमध्ये उभा होतो. एका हातात दांडा, एका हातात फोन. झूम न करता बघितलं आणि अंगठा पाठवून दिला.

शुक्रवारी गठ्ठे आणायला गेलो. रविवारी कार्यक्रम. वरची प्रत उचलली तर कव्हरवर हे: सहस्‌रचंद्‌रदर्‌शन.

(रेकॉर्डिंगमध्ये इथे मी चक्क पाच सेकंद गप्प आहे. ते ठेवलंय तसंच.)

जोडाक्षरं फुटलेली, पाय मोडून शेजारी शेजारी उभी. खालच्या ओळीतल्या 'आणि'ची वेलांटी ण च्या पुढे जाऊन बसलेली. आत आजी-आजोबांचा लग्नातला फोटो, घरात त्याची एकुलती एक प्रत आहे, तो असा छापलेला की दोघांचे डोळेसुद्धा दिसेनात. मी काकांवर चिडणार एवढ्यात तेच म्हणाले, "अरे, तुझ्या कव्हरला ब्लीडच नव्हतं. कटिंगला पांढरी कड आली असती. म्हणून मी फाईल आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि मागचा रंग वाढवला. तेव्हा अक्षरं फुटली असणार. पण प्रूफ पाठवलं होतं की तुला."

पाठवलं होतंच. आणि त्या एका वाक्यात मला जे कळलं, ते कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. प्रिंट-रेडी फाईल म्हणजे प्रेसमध्ये कुणालाही उघडून दुरुस्त करावी लागणार नाही अशी फाईल. एक्स्पोर्टच्या खिडकीतले सगळे पर्याय शेवटी एवढ्यासाठीच असतात. फाईल उघडायला लागली की पुढे काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही. मराठीच्या बाबतीत तर नाहीच नाही.

आधी ब्लीड

काकांनी फाईल उघडली ती ब्लीडपायी, म्हणून तिथून सुरुवात करू. कागद छापून झाल्यावर गठ्ठ्याने कापतात. कटिंग मशीनचं पातं अर्धा-एक मिलिमीटर इकडे तिकडे होतंच, त्याला कुणी काही करू शकत नाही. तुमचा रंग किंवा फोटो बरोबर पानाच्या कडेला संपत असेल आणि पातं किंचित बाहेर पडलं, तर तिथे कोऱ्या कागदाची पांढरी रेघ दिसते. म्हणून रंग कडेच्या बाहेर थोडा वाढवून ठेवायचा आणि तो कापून टाकायचा. हा वाढीव भाग म्हणजे ब्लीड. साधारण चारही बाजूंनी ३ मिलिमीटर. ए-फाइव्ह पान १४८ बाय २१० मिमी असतं, ब्लीड धरून ते १५४ बाय २१६ होतं. तसंच उलट बाजूनेही बघायचं. अक्षरं आणि चेहरे कडेपासून किमान ५ मिमी आत ठेवायचे, नाहीतर कुणाची तरी शेंडी कापली जाते.

आता गंमत अशी की बऱ्याच ॲपमध्ये ब्लीड असतं, पण ते आपोआप फाईलमध्ये येत नाही. कॅनव्हामध्ये डाउनलोड करताना 'पीडीएफ प्रिंट' निवडायचं आणि 'क्रॉप मार्क्स अँड ब्लीड'वर टिक करायची. नुसतं 'पीडीएफ स्टँडर्ड' घेतलंत तर ब्लीड गेलं. इनडिझाइनमध्ये डॉक्युमेंटला ब्लीड दिलेलं असलं तरी एक्स्पोर्ट करताना 'मार्क्स अँड ब्लीड्स'मध्ये जाऊन 'यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज'वर टिक लागते. माझ्या ओळखीतले चांगले डिझाइनरसुद्धा ही टिक विसरतात. वर्डमध्ये ब्लीड नावाची गोष्टच नाही. तिथे जुगाड असा: पानाचा आकारच १५४ बाय २१६ करायचा, सगळे समास ३ मिमीने वाढवायचे आणि प्रेसला स्पष्ट लिहून कळवायचं की चारही बाजूंनी ३ मिमी कापायचंय. आत नुसताच पांढऱ्या कागदावरचा मजकूर असेल, कडेपर्यंत काही जात नसेल, तर ब्लीडची गरजच नाही. माझ्या आतल्या पानांना नव्हतीच. कव्हरला होती.

आकारावरून आठवलं. अँड्रॉइडवर 'प्रिंट'मधून 'सेव्ह ॲज पीडीएफ' करता ना, तिथे वर कागदाचा आकार लिहिलेला असतो. कधी कधी तिथे 'लेटर' असतं. हा अमेरिकेतला कागद, २१६ बाय २७९ मिमी. आपला ए-फोर २१० बाय २९७. म्हणजे लेटर रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. त्यात सेव्ह झालेलं पान प्रेसमध्ये ए-फोरवर बसवताना लहान होतं किंवा ओळी पुढच्या पानावर ढकलल्या जातात. दोन सेकंदांचं काम आहे, बघून घ्या.

फॉन्ट, म्हणजे आपलं खरं दुखणं

इंग्रजीत फॉन्ट बदलला तर अक्षर वेगळं दिसतं, पण वाचता येतं. आपल्याकडे तसं नाही. 'सहस्र' हा शब्द कॉम्प्युटर साठवतो तेव्हा तो स, ह, स, हलन्त, र असा ओळीने साठवतो. स आणि र जोडून 'स्र' कसा काढायचा, हे फॉन्टमध्ये लिहिलेले नियम सांगतात आणि ते नियम सॉफ्टवेअरने वाचावे लागतात. दोघांपैकी एकाने हात वर केले की जोडाक्षर फुटलं. ऱ्हस्व वेलांटीचंही तेच. साठवताना ती अक्षरानंतर असते, दाखवताना अक्षराच्या आधी आणावी लागते. ज्या सॉफ्टवेअरला हे येत नाही ते तिला जिथल्या तिथे ठेवतं.

पीडीएफचा सगळा फायदा इथेच आहे. नीट एक्स्पोर्ट केलेल्या पीडीएफमध्ये ही जोडाजोडी आधीच झालेली असते आणि लागणारी अक्षरं फाईलच्या पोटात भरलेली असतात. याला फॉन्ट एम्बेड करणं म्हणतात. मग प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही, फाईल आहे तशी छापली जाते. पण तीच पीडीएफ कुणी कोरलड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर म्हणून उघडली, की ते सॉफ्टवेअर अक्षरं पुन्हा स्वतःच्या पद्धतीने जुळवायला बसतं, त्याच्याकडे फॉन्ट नसेल तर दुसराच लावतं, आणि मग सहस्रचंद्रदर्शनाची माती होते. आपल्याकडच्या कितीतरी प्रेसमध्ये कोरलड्रॉवरच काम चालतं. फाईल तिथे उघडली जाण्याची शक्यता धरूनच चाला.

फॉन्ट एम्बेड झालाय की नाही ते कसं बघायचं? लॅपटॉपवर ॲक्रोबॅट रीडर फुकट मिळतो. त्यात फाईल उघडा, 'फाईल'मध्ये 'प्रॉपर्टीज', तिथे 'फॉन्ट्स'. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' लिहिलेलं पाहिजे. सबसेट म्हणजे फॉन्टमधली फक्त वापरलेली अक्षरं घेतलीत, ते चालतं. एखाद्या नावापुढे काहीच नसेल तर तो फॉन्ट फाईलमध्ये नाही.

जुन्या फॉन्टचा एक निराळा गोंधळ आहे. युनिकोड घराघरात पोचण्याआधी मराठी टाइप व्हायचं ते श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये. त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी चित्रं बसवलेली असतात. प्रेसमध्ये अजूनही ते वापरात आहेत, कारण वर्षानुवर्षांचं काम त्यात साठलंय. एखाद्या मंडळाचा मागच्या दहा वर्षांचा अहवाल तुम्हाला मिळाला आणि उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर फाईल खराब झालेली नाही, तुमच्याकडे तो फॉन्ट नाही, एवढंच. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. पण बदलल्यावर प्रत्येक ओळ वाचा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

कव्हरसाठी मी आता सरळ अक्षरं कर्व्ह करून टाकतो. म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता आकार होतो, फुटायला काही उरतच नाही. कोरलमध्ये 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज', इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरमध्ये 'क्रिएट आउटलाइन्स'. मोबाईल ॲपमध्ये हा पर्याय बहुतेक वेळा नसतो. कॅनव्हामध्ये 'फ्लॅटन पीडीएफ' आहे, पण त्यात अख्खं डिझाइन चित्र होऊन जातं. कव्हरवरच्या मोठ्या अक्षरांना चालेल, आतल्या बारीक मजकुराला अजिबात नको, कडा मऊ पडतात. आणि कर्व्ह करण्याआधी मूळ फाईल वेगळ्या नावाने ठेवा. कर्व्ह झालेल्या 'श्री'चा 'सौ' करता येत नाही. (हे कसं कळलं ते विचारू नका, तो दुसरा एपिसोड होईल.)

इनडिझाइन वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: पॅराग्राफ सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडलेला नसेल तर जोडाक्षरं स्क्रीनवरच फुटलेली दिसतील, एक्स्पोर्टची वाट बघायलाच नको. फुकटातलं स्क्रायबस वापरत असाल तर नवी आवृत्ती घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरी नीट जुळत नाही.

आणि माझी एक युक्ती. फाईलच्या शेवटी एक जादा पान जोडून त्यावर हे शब्द टाकतो, पुस्तिकेत वापरलेल्या प्रत्येक फॉन्टमध्ये एकदा: सहस्रचंद्रदर्शन, साताऱ्याला, ऱ्हस्व, ज्ञानेश्वर, हृदय, शृंगार, उद्ध्वस्त, पुनर्वसू, आणि. साताऱ्याच्या 'ऱ्या'वर खास नजर. तो आडवा र म्हणजे आपली मराठीची खासियत, आणि पुष्कळ फॉन्ट तिथेच घसरतात. हे पान प्रूफमध्ये नीट आलं तर बाकीचंही बहुधा नीट येतं. छापायच्या आधी काढून टाकायला सांगा मात्र. आमच्या आत्याच्या पुस्तिकेत ते तसंच छापलं गेलं आणि दोघातिघांनी ती आधुनिक कविता समजून वाचली.

फोटो

लग्नाच्या फोटोचं काय झालं ते सांगतो. चांगल्या छपाईला एका इंचात साधारण ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे ४ इंच रुंद फोटो छापायचा तर तो किमान १२०० पिक्सेल रुंद हवा. ए-फाइव्हचं अख्खं पान भरायचं तर १७४८ बाय २४८०. आता काकूने तो फोटो मोबाईलने काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, तिथे तो पहिल्यांदा लहान झाला. मी वर्डमध्ये टाकला, वर्डने सेव्ह करताना दुसऱ्यांदा दाबला. आणि 'मिनिमम साइज'ने तिसऱ्यांदा. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं गेलं आणि शेवटी डोळे गेले. एकदा गेलेले पिक्सेल पुन्हा मोठं करून परत येत नाहीत.

म्हणून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा, नाहीतर ड्राइव्हची लिंक. जुने कागदी फोटो शक्यतो स्कॅन करा. त्याच आकारात छापायचे तर ३०० डीपीआय, दुप्पट करायचे तर ६००. वर्डमध्ये 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड', तिथे 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाईल'. ही टिक फोटो टाकायच्या आधीच करा. आणि पीडीएफ करताना 'स्टँडर्ड', 'मिनिमम' नव्हे. लिब्रेऑफिसमध्ये एक्स्पोर्टच्या खिडकीत 'रिड्यूस इमेज रेझोल्यूशन' असतं, ते ३०० वर ठेवा किंवा टिक काढून टाका. फाईल ४० एमबीची झाली तर होऊ दे. प्रेसला पाठवायची फाईल आणि मावशीला बघायला पाठवायची फाईल, या दोन वेगळ्या एक्स्पोर्ट करा.

रंगाबद्दल थोडंच. मोबाईलची स्क्रीन लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग दाखवते. छपाई निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया मिसळते. यालाच सीएमवायके म्हणतात. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी किंवा भडक केशरी त्या शायांतून तसा निघतच नाही, जरा विझल्यासारखा येतो. भगव्या पताका काढणाऱ्यांनी हे आधीच मनाशी धरावं. वर्डमध्ये सीएमवायके नाही, कॅनव्हात पैसे भरलेल्यांना मिळतं. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईचाच असला पाहिजे. चार शाया एकावर एक पडल्या आणि एखादी केसभर सरकली, की आपल्या शिरोरेषेच्या वर रंगीत सावली दिसते. आतली पानं एका रंगात छापायची असतील तर प्रेसला तसं सांगून टाका, ते फक्त काळ्यावर घेतात.

इनडिझाइनसारखं सॉफ्टवेअर हाताशी असेल तर एक्स्पोर्टच्या वरच्या यादीत 'पीडीएफ/एक्स-वन-ए' आणि 'पीडीएफ/एक्स-फोर' दिसतील. पीडीएफ १९९३ साली आलं, त्यात गाणी, लिंका, फॉर्म काहीही भरता येतं. छपाईला त्यातलं काय चालेल याचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे ही 'एक्स' मंडळी. एक्स-वन-ए २००१ चं, कडक: फॉन्ट आत पाहिजेतच, रंग छपाईचेच पाहिजेत, पारदर्शकता चालणार नाही. एक्स-फोर नवं, ते पारदर्शकता चालवून घेतं. कुठलं द्यायचं ते तुमच्या प्रेसला विचारा. त्यांनी "कुठलंही चालेल" म्हटलं तर मी एक्स-वन-ए देतो. जुन्या मशीनवरही ते कमी रुसतं. पानं मात्र सुटी सुटी, क्रमाने द्या. 'स्प्रेड्स' निवडून समोरासमोरची दोन पानं जोडू नका. कुठलं पान कुणाशेजारी छापायचं ते प्रेसचं काम. मधे पिन मारायची पुस्तिका असेल तर एकूण पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात.

प्रूफ बघताना फोन नको. निदान कव्हरचं एक पान जवळच्या दुकानात प्रिंट काढून हातात धरा. शक्यतो बसमध्ये नको.

त्या शुक्रवारी काय झालं ते राहिलंच. रात्री मी कव्हर ब्लीडसकट पुन्हा केलं, ओळखीच्या एका डिझाइनर ताईकडून अक्षरं कर्व्ह करून घेतली, शनिवारी दुपारी काकांनी २०० नवी कव्हरं काढून दिली. साडेतीन हजार रुपये, माझ्या खिशातून. जुन्या पिना काढून नवी कव्हरं लावायला आम्ही सहा भावंडं रात्री दोनपर्यंत बसलो होतो. लग्नाचा फोटो मात्र आतल्या पानात होता, तो तसाच राहिला. मूळ फोटो आता ६०० डीपीआयला स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवलाय.

फुटक्या कव्हरची एक प्रत आजोबांनी मागून घेतली. नाकावर चष्मा चढवून त्यांनी ते नाव एकेक अक्षर तोडत मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "पहिलीत असताना मी असंच वाचायचो."

तुमच्याकडे छापून फसलेलं काही असेल तर फोटो पाठवा. आणि हो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.